गायरान कुणाच्या नावावर

घोडकेमाळ, ता. वाशी
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यांना ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

भेटीला येते म्हणाले होते, आले नाही. तिथं जाळीच्या पलीकडं तुम्ही आणि अलीकडं मी, असं उभं राहून मला बोलता आलं नसतं. रडले असते, नाहीतर भांडले असते. म्हणून लिहितेय.

आत्या, त्या बाँडवर सही करा आणि घरी या.

गायरानात कंपनीचं पोकलेन आलं आणि तुम्ही, शांताक्का आणि त्या तिघी उभ्या ज्वारीत त्याच्यापुढं जाऊन बसलात, तेव्हा मी घरी भाकरी थापत होते. सृष्टी पळत आली, म्हणाली, "आई, आजीला गाडीत घातलं." मी वाशीला पोचले तोवर तहसीलदार साहेबांनी पाचही जणींपुढं कागद ठेवला होता. वर्षभर शांतता राखीन, गायरानात पाय ठेवणार नाही. त्या तिघींनी सही केली आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी आल्या. तुम्ही दोघींनी मान हलवली आणि जेलात गेलात. खून नाही, चोरी नाही. गावात बाया विचारतात, "सासू कधी सुटायची गं?" काय सांगू? तिच्याच हातात आहे म्हणून सांगू?

ह्यांचा फोन येतो. सध्या बोअरची गाडी बिदरच्या पुढं कुठंतरी आहे. मशिनीच्या आवाजात निम्मं ऐकूच येत नाही. ऐकू येतं तेवढं एकच, "आईला समजाव."

राजेश्वरीताई येऊन गेल्या. संघटना तुमच्या पाठीशी आहे म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत, मी नाही म्हणत नाही. पण दिवस मावळला की त्यांना वाशीला त्यांच्या घरी जाता येतं. मला इथंच राहायचंय, ह्याच गावात, ह्याच लोकांत.

कुंपणाचे लोखंडी खांब येऊन पडलेत. शेळ्या कुठं न्यायच्या कळत नाही, बांधाबांधानं फिरवते आणि बोलणी खाते. तुमची ज्वारी उभी आहे, दाणा भरत आलाय. सांगण्यासारखं चांगलं एवढंच.

राग मानू नका. पण सही करा.

तुमची,
ज्ञानेश्वरी


जेल, बायकांची बराक
२७ जानेवारी

चि. ज्ञानेश्वरी हिस नागूबाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इथं बाईसाहेब आधी वाचत्यात, मग देत्यात. वाचून मला म्हणाल्या, "आजी, सून खरं बोलतीय." म्या म्हणलं, "व्हय, तिला खोटं बोलता येत न्हाय. म्हणून तर घर तिच्यावर टाकून आले."

माझं अक्षर तुला लागंल का न्हाय, ठाव न्हाय. चौथीपातुर शाळा झाली, मग शेरडामागं गेले ती गेलेच.

तू म्हणतीस, एक सही. त्या सहीत काय काय जातंय ते ऐक. तुझ्या आजेसासूनं त्या माळावरची दगडं येचली. तवा तिथं कुसळाबिगर काय उगवत नव्हतं, म्हणून कुणाला नको होता त्यो. आमी सात-आठ घरच्या बाया पट्टे पाडून कसाय लागलो. वरच्या अंगाला ज्वारी, खालच्या अंगाला शेरडं. पर कागदावर त्यो माळ गायरान. आमचं नाव त्यात कुठंच न्हाय. राजेश्वरीताईनं अर्ज घातला की ह्या बायांना दुसरी जिमीन न्हाय, जी कसती तिच्या नावानं करा. त्यो अर्ज तसाच पडून हाय आन् हिकडं सरपंच हिंमतरावानं गावाचा ठराव करून माळ सोलारवाल्या कंपनीला द्यायचं ठरवलं. त्या ठरावाला आमाला कुणी बोलावलं न्हाय. ताई म्हणती, कसताय तवर हक्क बोलता येतो, कब्जा सुटला की समदं संपलं. आता तूच सांग. माळात पाय ठेवणार न्हाय म्हणून लिवून दिलं, म्हंजे म्या आपल्या हातानं कब्जा सोडला का न्हाय?

पाठीमागं आमी कचेरीपुढं बसलो होतो, काम द्या न्हायतर जिमीन द्या म्हणून. तवा एक सायेब म्हणाले, "मावशी, गरिबी काय एकट्या तुमच्याच गावात हाय का?" म्या म्हणलं, "न्हाय सायेब, म्हणून तर एवढ्या गावच्या बाया आल्यात." ते हसले आन् आत गेले. मला त्या हसण्याचा राग न्हाय आला. पर तवा कळलं की ह्येंना आमी पावसासारखं वाटतो. येतो, जातो, कुणी आणलेलं नसतं. ज्ञानेश्वरी, ही गरिबी कुणीतरी आणलेली हाय. कुणाला किती जिमीन ते देवानं वाटलं न्हाय.

माझी तब्येत बरी हाय. जेवण येळेवर मिळतंय. शांताक्का जवळ हाय, ती तिच्या आईची कानडी गाणी म्हणती, मला कळत न्हायती तरी बरं वाटतं.

तू राग धरून भेटीला येत न्हाईस, ते मला समजतं. येऊ नको. लेकराला जप.

नागूबाई


घोडकेमाळ
५ फेब्रुवारी

ती. आत्यांना नमस्कार.

राग धरून येत नाही असं तुम्ही लिहिलंत. पहिल्यांदा होता राग. आता वेगळंच आहे. तुम्हाला सांगणार नव्हते, पण तुम्ही चुकीचं धरून बसाल, म्हणून सांगते.

गुंडाप्पाच्या गिरणीवर दळण घेऊन गेले. तो बाहेर आला आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, पट्टा तुटलाय. घेऊन जावा."

आत पट्टा फिरत होता. पीठ उडत होतं. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं वर बघितलं नाही. दुकानातही तसंच. साखर संपली, तेल संपलं, जे मागेल ते संपलं. सगळ्यांना हिंमतरावांचा निरोप गेलाय. आता दळणाला वाशीला जाते आणि त्यातच दिवस जातो. म्हणून येणं झालं नाही.

शांताक्का घरी आली, तुम्हाला माहीत आहेच. तिची लेक बाळंतपणाला आलीय, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून तिनं सही केली. आल्यापासून दाराबाहेर पडत नाही. मी गेले तर तोंड फिरवून बसली. मग म्हणाली, "नागूबाईनं तुला तब्येत बरी म्हणून लिवलं का? खोकल्यानं तिला आडवं होता येत नाही. भिंतीला टेकून बसती." आत्या, मला खोटं बोलता येत नाही म्हणता आणि तुम्ही असं लिहिता?

आणखी एक. काल हिंमतराव स्वतः घरी आले. बाजेवर बसले, पाणी घेतलं.

म्हणाले, "सूनबाई, कुमारनं किती दिवस बोअरच्या गाडीवर धूळ खायची? कंपनीला माळावर रखवालदार पाहिजे. कायमचा. घरची भाकर खाऊन काम. सासूनं सही केली की दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घे."

मी म्हणाले, "आणि नाही केली तर?"

"मग मला दुसऱ्या कुणाचं नाव द्यावं लागंल."

"विचारून सांगते."

"विचारायचं काय त्यात? पोटाचा प्रश्न हाय," असं म्हणाले आणि उठले. जाताना सृष्टीच्या डोक्यावरनं हात फिरवला.

आत्या, त्या वेळी मला कुणाचाच राग आला नाही. मला नुसते हे दिसले. दारात चपला काढताना. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात हे घरी किती राहिले? सृष्टी त्यांच्याशी फोनवर बोलते तशी समोर बोलत नाही, लाजते. मी तुम्हाला भरीला घालत नाही. ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

खोकल्याचं तिथल्या डॉक्टरांना सांगा. एवढं तरी ऐका.

ज्ञानेश्वरी


जेल
११ फेब्रुवारी

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

डाक्टरला सांगितलं. गोळ्या दिल्यात. छातीत कफ हाय म्हणाले, वय झालंय म्हणाले.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग ठेवून दिलं. मग परत वाचलं. कुमार दारात चपला काढतोय, हे तू लिवलंस ते मला बी दिसलं. त्याचा बाप गेला तवा त्यो सृष्टीएवढा होता. म्या त्याला माळावर संगं न्यायची, झुडपाखाली बसवायची. मोठा झाला तसा कामापायी भायेरच गेला. म्या कुणासाठी बसलीय हितं? त्याच्यासाठीच की. आन् माझ्या बसण्यानंच त्यो घरी येत नसंल, तर माझ्या बसण्याला काय अर्थ?

सही करते. १७ तारखेला सायेबापुढं नेणार हायत.

शांताक्का गेल्यापासून बोलाय कोण न्हाय. एक बाई हाय, ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसती. कधीमधी मला वाटाय लागलंय, आपण बी तशाच होऊ. ज्ञानेश्वरी, म्या कुणाला भ्याले न्हाय. दमले. त्यो माळ माझ्या एकटीच्या छातीवर ठेवल्यागत झालाय, आन् श्वास पुरत न्हाय.

राजेश्वरीताईला माझ्या तोंडानं सांगता येणार न्हाय. तू सांग. आन् कुंपण पडायच्या आत जमतील तेवढी कणसं मोडून आण.

नागूबाई


घोडकेमाळ
१४ फेब्रुवारी

ती. आत्यांना नमस्कार.

तुमचं पत्र ताईंना दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता समजावायला लागतील. पण म्हणाल्या, "नागूबाईंना सांग, आधी औषधपाणी. बाकीचं आम्ही बघतो." मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं होतं ते मागं घेते.

मग ह्यांना फोन लावला. नोकरीचं सांगितलं. आधी हरखले. म्हणाले, "कायमची? खरं बोलतीस?" मग विचारलं, "काम काय करायचं?"

मी म्हणाले, "माळाची रखवाली. तारेच्या आत कुणाला येऊ द्यायचं नाही."

"कुणाला म्हंजे?"

"गावातल्या बायांना. शेळ्यांना."

हे मशिनीपासून लांब गेले, आवाज कमी झाला. मग म्हणाले, "म्हंजे आई शेळ्या घिऊन आली, तर म्या काठी घिऊन तिला हाकलायची?"

मी म्हणाले, "तेच काम आहे."

"त्या कामाला म्या येत न्हाय. सांग त्यास्नी."

मी हिंमतरावांच्या घरी जाऊन सांगितलं. ते माडीवर होते, खाली आले नाहीत. अंगणातूनच सांगितलं. आवाज बरा निघाला.

आता माझं ऐका. सही तुम्ही करा. मी पहिल्या पत्रात म्हणत होते तसं नव्हे. तेव्हा मी माळ सोडून द्या म्हणत होते. आता म्हणते, घरी या, खोकल्यावर इलाज करा, आणि माळ आमच्यावर सोडा. कब्जा काय तुमच्या एकटीच्या अंगात आहे? सही करणाऱ्यांचे पाय बांधले जातात. माझे बांधलेले नाहीत. सही न केलेल्या बाया अजून घराघरात आहेत. आपल्या आळीत मी दारोदार फिरले. दोघी-तिघींनी दार लावून घेतलं, बाकीच्या येते म्हणाल्या.

१९ तारखेला आम्ही ज्वारी काढणार आहोत. चोरून कणसं मोडून नाही. दिवसाढवळ्या, सगळी. ताईंनी बेंबळीला, तामलवाडीला निरोप धाडलाय, तिकडच्या संघटनेच्या बाया मदतीला येतील. पीक ज्यानं पेरलं त्यानंच काढलं, हे लोकांनी बघितलं पाहिजे.

तुम्हाला कुणी नाव ठेवणार नाही. ठेवलं तर मला सांगा.

ज्ञानेश्वरी


घोडकेमाळ
२३ फेब्रुवारी

चि. ज्ञानेश्वरीस नागूबाईचे अनेक आशीर्वाद.

दोनच दिस आपण घरात संगं होतो. तुझ्या हातचं जेवले आन् तिसऱ्या दिवशी तुला गाडीत चढताना पाहिलं. आता त्याच जेलच्या पत्त्यावर तुला लिवतीय.

पोलीस तुला आन् पुढच्या बायांना घिऊन गेले, तवर तू पाहिलंस. पुढचं सांगते.

गाडी गेली आन् समदं थांबलं. बाया ज्वारीत उभ्या, हात खाली. पोलीस म्हणत होते, जा, घरला जा. हिंमतरावाची माणसं सडकंच्या कडंला हसत होती. मी बी सडकंवरच, सृष्टीचा हात धरून. मला वाटलं, झालं, मोडलं. तेवढ्यात गावाकडनं शांताक्का आली. डोक्यावर पदर न्हाय, पायात चप्पल न्हाय. सरळ माळात शिरली. म्या हाक मारली, "शांताक्का, अगं तुझी सही हाय!" तिनं मागं वळून बी बघितलं न्हाय. आपल्या पट्ट्यात जाऊन वाकली आन् ज्वारीचं एक एक ताट उपटाय लागली. मग बेंबळीची एक बाई वाकली. मग तामलवाडीच्या. मग समद्याच. शांताक्काला दुसऱ्या गाडीत घातलं, ती तुझ्यापाशी आलीच असंल. पर तिला नेलं तरी कुणी थांबलं न्हाय. समद्यास्नी न्यायला पोलिसांजवळ गाड्या नव्हत्या. दिवस बुडताना ज्वारी आडवी झालती, पेंढ्या बांधून झालत्या.

आता माझं सांगते. शांताक्का गेली, मी गेले न्हाय. पाय उचलत व्हता. सृष्टीनं हात घट्ट धरला म्हणून थांबले, असं म्या लोकांना सांगितलं. तुला सांगते, तिनं धरला नव्हता. म्याच तिचा धरला होता. मला परत त्या भिंतीपाशी जायाचं नव्हतं. लोकं काय म्हणत न्हायती. तू सांगितलं असशील. पर मला माझंच लागतंय.

कुमार आलाय. गाडीमालकाचं काम सोडून आला. आल्या आल्या कणसं बडवाय बसला. पयला दाणा घिऊन म्या गुंडाप्पाच्या गिरणीवर गेले. त्यो माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायला, मग पायली माझ्या हातनं घेतली आन् आत गेला. दळून दिलं. पैसं घेतलं न्हायती.

तुला बी त्यो कागद दिला असंल. काय करायचं ते तू ठरव.

नागूबाई


जेल
२ मार्च

ती. आत्यांना नमस्कार.

कागद दिला. मी नाही म्हणाले. शांताक्का तर हसली नुसती. साहेब तिला म्हणाले, "बाई, तुम्ही तर सही मोडलीत." ती म्हणाली, "व्हय, म्हणून आता परत करीत न्हाय." तिची लेक बाळंत झाली, मुलगी झाली, हे तिला इथंच कळलं. मग तेला-मिठाच्या सूचना पाठवत बसली लेकीला.

आत्या, तुम्ही मनाला लावून घेतलंत ते वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही सडकेवर थांबलात म्हणून सृष्टीला माणूस राहिलं. आपण दोघी आत आलो असतो तर तिला कुणाच्या दारात ठेवली असती? मी इथं निवांत बसू शकते ती तुमच्या जिवावर. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही. मला ते येत नाही, तुम्हीच म्हणता.

मी बरी आहे. तुम्ही लिहिलेली ती भिंतीकडं तोंड करून बसणारी बाई अजून आहे. तिचं नाव नीलम्मा. काल तिनं मला विचारलं, "म्हातारी घरी पोचली का?"

सृष्टीच्या वेण्या घट्ट घाला, सैल घातल्या की शाळेत सुटतात. ह्यांना म्हणावं, तिच्याशी आपणहून बोला. ती लाजेल, पण थांबू नका.

ज्ञानेश्वरी


घोडकेमाळ
१६ मार्च

चि. ज्ञानेश्वरीस अनेक आशीर्वाद.

ताई उद्या तुला सांगायला येणारच हाय, पर मला माझ्या तोंडानं सांगायचंय, म्हणून आजच लिवून तिच्याजवळ देतीय.

वरच्या कोर्टात ताईच्या वकिलानं अर्ज लावला होता, त्याचा हुकूम आला. बायांचं म्हणणं ऐकल्याबिगर त्यास्नी माळावरनं काढायचं न्हाय, तवर कंपनीनं काम करायचं न्हाय, आन् कोण काय कसतंय ते जाग्यावर जाऊन लिवून घ्यायचं. माळ आपल्या नावावर झाला, असं न्हाय. ताईनं धा येळा सांगितलं, नाचू नका, हे अर्धंबी न्हाय. पर पोकलेन गेलं. खांब तसंच पडून हायत.

काल पंचनाम्याला मोजणीवालं सायेब आलं. सारा गाव सडकंवर जमला. हिंमतराव बी व्हते, सावलीला खुर्चीवर. सायेब म्हणाले, "पट्टे कुणाकुणाचे, ते दाखवणारं कोण हाय?" बाया माझ्याकडं बघाय लागल्या. त्यो माळ माझ्याइतका कुणी बघितलेला न्हाय.

म्या म्हणलं, "सायेब, मला आत येता येत न्हाय. म्या सही केलीय."

सायेबांनी वही उघडली. मग म्हणाले, "आजी, तिथनंच सांगा."

मग म्या सडकंच्या कडंला उभी ऱ्हायले आन् वरच्या अंगापास्नं एक एक नाव घ्याय लागले. जिचं नाव घ्यावं ती माळात जायची, आपल्या पट्ट्यावर उभी ऱ्हायाची. माझ्यावानी सही केलेल्या बायांच्या घरचं दुसरं माणूस जायचं. सायेब लिवून घ्यायचे. ज्या बायांनी दार लावून घेतलं व्हतं म्हणालीस, त्या बी आल्या. शांताक्काचं नाव घेतलं तवा तिची बाळंतीण लेक उठाय लागली, तिला म्या खाली बसवली, शांताक्काचा जावई जाऊन उभा ऱ्हायला. आवाज बसला, खोकला आला, पर थांबले न्हाय. मधे कुणी पाणी दिलं.

शेवटाला आपला पट्टा. सायेब म्हणाले, "हा तुमचाच ना? नाव सांगा."

माझं नाव सांगायची पाळी आली आन् तोंडातनं निघंना. माळात पाय ठेवणार न्हाय म्हणून लिवून दिल्यालं नाव कसं सांगू? तेवढ्यात कुमार माळात गेला. आपल्या पट्ट्यावर जाऊन उभा ऱ्हायला, ढेकळात, अनवाणी. सायेबांनी त्याच्याकडं बघितलं, पेन टेकवलं. म्हणाले, "मुलगा का? तुझं नाव घालतो मग. पूर्ण नाव बोल."

कुमारनं माझ्याकडं बघितलं. मग सायेबाला म्हणाला, "माझं न्हाय, सायेब. ह्यो पट्टा कसणारी जेलात हाय. मी नुसता तिच्या जाग्यावर उभा हाय. लिवा, ज्ञानेश्वरी कुमार देवकते."

सायेबांनी लिवलं. म्या त्यास्नी परत वाचाय लावलं.

नागूबाई